कापसाची खोली, तेलातली हळद

रस्त्याकडेच्या बाभळींना कापूस लागला की वेचणी सुरू झाली असं आमच्याकडे समजतात. भरलेल्या गाड्या नंदुरबारच्या सरकी काढायच्या जिनांकडे निघतात, आणि काटे जाता-येता त्यांच्यातला थोडाथोडा कापूस ओढून घेतात. दिवाळी उलटता उलटता तापीकाठच्या सगळ्या वाटा अशा पांढऱ्या ठिपक्यांच्या होतात. बसच्या खिडकीतून ते ठिपके दिसले की माझा श्वास आपोआप आखूड होतो. इतकी वर्षं झाली, पण त्यात बदल नाही.

यंदा याच दिवसांत आत्याबाई गेल्या. आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई. कार्यासाठी मी शाळेतून रजा घेऊन गावी आले. मोठ्या जाऊबाईंनी दारातच माझी पिशवी घेतली आणि म्हणाल्या, "पुढनी खोलीमा झोप वं. आतली खोलीमा कापूस शे." मी बरं म्हटलं. पण हातपाय धुऊन आधी आतल्या खोलीच्या दाराशीच गेले. भिंतीच्या कमरेपर्यंत कापूस चढला होता. ऊन खाल्लेल्या बोंडांचा सुका वास, सरकीचा तेलकट वास, आणि त्याखाली जुन्या सारवणाचा वास. एका कोपऱ्यात माणूस बसेल एवढी जागा मोकळी होती. ती मुद्दाम ठेवलेली नव्हती, पोरांनी उड्या मारून कापूस दाबताना तशी राहिली असावी.

त्याच कोपऱ्यात मी एक हंगाम काढला आहे.

आमच्यात नवरा गेला की बाईनं वर्षभर कोपरा पाळायचा असा रिवाज तेव्हा होता. भिंतीकडे तोंड करून बसायचं. पहाटे दिशेला जायचं तेवढंच बाहेर. जेवण तिथे येतं. गावोगावच्या बाया डोळे पुसायला येतात, त्यांच्यासोबत पदर तोंडावर घेऊन रडायचं, त्या गेल्या की थांबायचं. नवरात्राच्या आधी विषमज्वरानं हे गेले. तालुक्याच्या कचेरीत नोकरी, शांत स्वभाव. लग्नानंतरही मी पुण्याला राहून पुढचं शिकावं हा हट्ट त्यांचाच होता. घरात एकटे तेच माझ्या कामाबद्दल विचारत. "आज चमकला का तुझा रंग?" असं. मी नाही म्हटलं की म्हणत, "उद्या चमकेल." ते गेले तेव्हा मी सुटीवर घरीच होते. सुटी संपायच्या आत कोपरा सुरू झाला.

दसऱ्यापासून घरात कापूस यायला लागला. पहिल्या वेचणीला गाठोडी ओसरीवर मावली. मग पुढची खोली भरली, मग माझी. मोठे दीर गाठोडं दारातून सोडायचे, पोरं त्यावर नाचायची, आणि ढीग माझ्या पाठीकडून हळूहळू वर यायचा. आधी पाठीमागच्या भिंतीवरची देवाची तसबीर दिसेनाशी झाली, मग खुंटी, मग खिडकी. कापूस आवाज खातो. ओसरीवर तराजूची साखळी वाजे, अक्कलकुव्याच्या वरच्या डोंगरांतून वेचणीला आलेल्या बाया त्यांच्या बोलीत हसत, ते सगळं मला पाण्याखालून ऐकल्यासारखं येई. कापसातले लाल किडे मानेवर चढत. तंतू नाकात जात. रात्री दिवा मागितला तर आत्याबाई दारातून म्हणायच्या, "दिवा नको वं माय. कापूस शे." खरंच होतं ते. एक ठिणगी पडली तर वर्षाचं पीक आणि सून दोन्ही गेलं असतं.

पुस्तकं नव्हती. वाचणं म्हणजे मन रमवणं, आणि मन रमवायचे ते दिवस नव्हते. माझ्याजवळ जे होतं ते डोक्यात होतं.

डोक्यात एक रेणू होता. रेणू म्हणजे पदार्थाचा सगळ्यात लहान कण, ज्याला त्या पदार्थाचे गुण असतात. माझं पुण्यातलं काम असे रेणू घडवायचं होतं. आपल्या शरीरातल्या प्रत्येक पेशीला एक कातडी असते, इतकी पातळ की दोन रेणू उभे एकावर एक ठेवले की तिची जाडी संपली. ती स्निग्ध पदार्थाची असते. तिच्या प्रत्येक रेणूचं डोकं पाण्याकडे आणि शेपट्या आत, पाण्यापासून लपलेल्या. तिथे ज्यांच्या हाताखाली मी काम करत होते त्या सरांचा प्रश्न साधा होता. ती कातडी आतून कशी आहे? थंडीतल्या तुपासारखी घट्ट, की तेलासारखी वाहती? तिथे सुई जात नाही, बोट जात नाही. म्हणून हेर पाठवायचा. कापड रंगवायच्या एका पिवळ्या रंगाच्या रेणूला दोन पंख असतात. त्याच्यावर निळा-जांभळा उजेड टाकला की तो ताकद पितो. पाण्यात असेल तर पंख फडफडवून ती ताकद उधळून टाकतो आणि काळोखातच राहतो. घट्ट जागी सापडला, पंख हलवता येईनात, तर तीच ताकद उजेड म्हणून परत देतो. जितकी जागा घट्ट तितका उजेड जास्त. उजेड मोजला की कातडीचा घट्टपणा कळला.

मोकळा असताना अंधार आणि अडकल्यावर उजेड. पुण्यात पहिल्यांदा हे ऐकलं तेव्हा मला फार सुंदर वाटलं होतं. कोपऱ्यात बसून आठवायचे तेव्हा त्याच वाक्याचा संताप यायचा. रेणूला काय, त्याला उजेड देताना काही वाटत नाही.

अडचण अशी होती की हा रंग कातडीत शिरायलाच तयार नव्हता. म्हणून मी त्याला शेपटी जोडायचे, स्निग्धात रुतून बसेल अशी. शेपटी आखूड ठेवली तर तो आत जाऊन लगेच बाहेर निसटायचा. लांब केली तर पाण्यातच एकमेकांच्या शेपट्या धरून गोळे व्हायचे, कातडीपर्यंत पोचायचेच नाहीत. ह्यांच्या जाण्याआधीचं सबंध वर्ष मी शेपटी थोडी लांब, थोडी आखूड करण्यात घालवलं होतं.

कार्तिकात माझे वडील आले. नाना तळोद्याकडच्या शाळेत मास्तर होते, विहीणबाईंशी बोलताना ते पुस्तकी मराठीत शिरत. कापसाच्या ढिगापलीकडे ते बसले, मला फक्त त्यांच्या टोपीचं टोक दिसत होतं.

"पुण्याला जाऊन आलो," ते म्हणाले. "सर भले गृहस्थ आहेत. जागा संक्रांतीपर्यंत राखतो म्हणाले. पुढे नाही जमणार. काम कुणाला तरी द्यावं लागेल."

मी काही म्हणायच्या आत आत्याबाईंचा आवाज आला. "मास्तर, वरीस व्हई जाऊ द्या. मंग ली जा. मी का तिले बांधी ठेवसू?"

"विहीणबाई, वर्षानं तिथे काही उरणार नाही."

"आठे काय उरनं ते सांगा."

इथे तरी काय उरलं आहे. नानांनी टोपी सारखी केली, ढिगावरून हात लांब करून माझ्या डोक्याला लावायचा प्रयत्न केला, तो पोचला नाही, आणि ते गेले.

तेव्हापासून संक्रांत माझ्याकडे चालत येऊ लागली. दिवस कापसाच्या उंचीवरून कळायचे.

एका दुपारी नखानं सारवणावर आकृत्या काढत होते. काढता काढता कातडीचा खरा रेणू काढला, डोकं आणि खाली दोन शेपट्या. दोन. इतके महिने तो रेणू मी शेकडो वेळा काढला असेन, पण माझ्या हेराला मी नेहमी एकच शेपटी देत आले होते. ज्या लोकांत राहायला पाठवायचं त्यांच्यासारखे दोन पाय त्याला द्यायचे हे सुचलंच नव्हतं. एक लांब शेपटी नको, दोन मध्यम. पाण्यातले गोळे सोडून तो कातडीत शिरेल, आणि शिरला की दोन्ही पायांनी रोवून उभा राहील. छातीत धडधडायला लागलं. रडण्याच्या महिन्यांत दुसऱ्या कारणानं धडधडणं मी विसरून गेले होते. शेजारी कुणी नव्हतं. हे असते तर "मग उद्या चमकेल" म्हणाले असते.

भाकरी घेऊन जाऊबाई आल्या, आकृतीकडे वाकून पाहिलं. "हाई काय काढी ऱ्हायनी? बगळा शे का?"

"रेणू आहे."

"दोन पायन्हा शे ते बगळाच शे," त्या म्हणाल्या, आणि मग खालच्या आवाजात, "पुशी टाक वं. आत्याबाई दखतीन ते म्हंतीन, पोर येडी व्हयनी." मी तळहातानं पुसून टाकला. दोन पायांचा बगळा मात्र डोक्यात राहिला, आणि तिथून तो हलेना. सांगायचं कुणाला? संक्रांत जवळ येत होती. पुणं दोन दिवसांच्या वाटेवर होतं, आणि मी उंबऱ्यापासून चार हातांवर.

मग एक वेगळीच भीती शिरली. हा उजेड मी खरंच कधी पाहिला होता का? की काळ्या खोलीत बसून बसून सगळं मनानंच रचलं? मला तो एकदा डोळ्यांनी पाहायचा होता. कौलांमधल्या फटीतून दुपारी उन्हाची एक काडी माझ्या कोपऱ्यात उतरायची. अंधाऱ्या खोलीत उन्हाची काडी, म्हणजे अर्धी प्रयोगशाळा झालीच होती. जाऊबाईंकडे औषधाची रिकामी बाटली, थोडं एरंडेल आणि चिमूटभर हळद मागितली.

"हळद? तुले कसाले जोयजे हळद?" त्या हसल्या. "कापूसनी भाजी करस का?" पण आणून दिली. त्या मनानं मोकळ्या होत्या, आजही आहेत.

हळद पाण्यात मळकट पिवळी दिसते, बाकी काही नाही. तेलात तिचा रंग उतरला की ती उन्हात हिरवट उजळते. तिचं कारण माझ्या रंगापेक्षा थोडं निराळं आहे, हे मला तेव्हाही ठाऊक होतं. पण उजेड तो उजेड. बाटली मी उन्हाच्या काडीत धरली. काडी जिथून शिरली तिथे तेलात एक हिरवी-पिवळी रेघ पेटली. हात हलवला की रेघ हलायची. मी तिच्याकडे किती वेळ पाहत होते कोण जाणे. कापूस, किडे, भिंत, सगळं होतं तिथेच होतं, पण त्या वेळेपुरती मी पुण्यात होते. काडी सरकून कापसावर गेली तेव्हा लक्षात आलं, बुचातून तेल गळून माझा उजवा तळहात पिवळा झाला आहे. राखेनं घासला. हळद तेलातून कातडीत शिरली की राखेला दाद देत नाही, हे मला इतर कुणाहीपेक्षा चांगलं माहीत असायला हवं होतं.

दुसऱ्याच दिवशी जमनाकाकी आल्या. आमच्याच भाऊबंदांतल्या, कुठल्याही घरच्या दुःखात सगळ्यात मोठ्यानं रडणाऱ्या. सोबत चारपाच बाया. संक्रांत तोंडावर होती, सगळ्यांच्या हळदी-कुंकवाच्या तयाऱ्या चालू असाव्यात. काकींनी गळा काढला, ढिगाच्या कडेनं सरकत येऊन माझे हात हातात घेतले, आणि मध्येच थांबल्या. माझा तळहात त्यांनी दाराच्या उजेडाकडे वळवला.

"हाई काय वं? हातले हळद?"

एकीचं रडणं अर्ध्यावर राहिलं. दुसरी पुढे वाकली.

"आजून वरीस नही व्हयनं, आन् हातले हळद!" काकींचा आवाज आता रडका नव्हता. "मी म्हंतच व्हतू. शिकेल पोर कोपरामा बसत नही. कोठेतरी पाटनं ठरी गयं व्हई हिन्हं."

पाट म्हणजे विधवेचं दुसरं लग्न. आमच्यात तेव्हा ते होत नसे, त्याचं नाव काढणं हीच बदनामी होती. नवरीच्या अंगाला लावायची हळद माझ्या हातावर, याचा त्या बायांना एकच अर्थ ठाऊक होता. तेल, ऊन, काचेची बाटली यांतून तिथवर जाणारा दुसरा रस्ता त्यांच्या जगात नव्हता. मी तो कोणत्या शब्दांत सांगणार होते?

ओसरीवर सासरे खाकरले. जमनाकाकी त्यांना ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाल्या, "तिन्हा बापले निरोप धाडा. ली जा म्हना पोरले. आसी बाई घरमा नको."

आणि त्या क्षणी मला कळलं, की दार उघडलं आहे. नानांना निरोप जाईल. नाना येतील, मान खाली घालून मला घेऊन जातील, आणि मी संक्रांतीच्या आत पुण्यात असेन. नाव जाईल. ह्यांच्या नावालाही डाग लागेल. पण बगळ्याला दोन पाय मिळतील. मला फक्त गप्प बसायचं होतं. मी गप्प बसले. इतकी गप्प की माझ्या कानात सरकी तडकल्यासारखं काहीतरी वाजत होतं.

आत्याबाई दारात उभ्या होत्या. बाटली कोपऱ्यात, माझ्या पदराखाली अर्धवट झाकलेली होती, त्यांच्या नजरेला ती दिसली असणार. त्या आत आल्या, काकींच्या हातातून माझा हात काढून घेतला आणि मिटला.

"मी लाई दिन्ही हळद," त्या म्हणाल्या. "खिळा लागीसन हात फाटना तिन्हा. जखमले हळद नही लावाव ते काय माती लावाव?"

"जखम दखाडी दे मंग," काकी म्हणाल्या.

"तू वैदीन शे का? ऊठ. चहा ठेवेल शे."

बाया उठल्या. काकी उठल्या. सासऱ्यांचं खाकरणं थांबलं. माझं नाव राहिलं, आणि दार बंद झालं. आता मी तोंड उघडलं असतं तर सगळ्या गावादेखत आत्याबाईंना खोटं पाडलं असतं. ज्यांनी मला वाचवलं त्यांना. मी मिटलेला हात पोटाशी धरून बसून राहिले. बाहेर चहाच्या कपबशा वाजत होत्या.

संक्रांत गेली. तिळगूळ कागदाच्या पुडीत माझ्याकडे आला. कापूस कौलांपर्यंत चढला, त्यानं ती फटही बुजवली, आणि दुपारची काडी उतरायची थांबली.

यापुढचं पुण्याचं सांगून टाकते. होळीनंतर मी तिथे गेले तेव्हा माझ्या टेबलापाशी साताऱ्याकडचा एक मुलगा बसत होता, सालस होता. सरांना मी दोन शेपट्यांचं सांगितलं. त्यांनी ते फळ्यावर काढून पाहिलं, मग त्या मुलाला हाक मारून म्हणाले, "हे करून पाहा." मी त्या जूनपासून नंदुरबारला शाळेत शास्त्र शिकवायला लागले. वर्षानं कामानिमित्त पुण्याला गेले, तर सरांनी अंधाऱ्या खोलीत नेऊन नळी दाखवली. अंड्याच्या बलकातून काढलेल्या स्निग्धाचे पाण्यात तरंगणारे कण, त्यांत तो नवा रंग. मुलानं ते कण माझ्यासमोर धुतले, पुन्हा धुतले. उजेड गेला नाही. तो आत रोवून उभा होता. मला आनंद झाला, हे खरं आहे. त्या आनंदात मी कुठेच नव्हते, हेही खरं आहे. मुलानं विचारलं, "ताई, हे तुम्हाला सुचलं कसं?" मी म्हटलं, "रिकामा वेळ होता."

शाळेतल्या मुलींना मी हळद-तेलाचा प्रयोग दरवर्षी करून दाखवते. त्या ओरडतात, हात पिवळे करून घेतात, कपाळाला लावतात. मी कुणाला रागवत नाही. पण त्यांचे पिवळे हात पाहताना मला तो मिटवलेला हात जाणवतो, आत्याबाईंच्या बोटांच्या जोरासकट. इतकी वर्षं मी त्या जोराला माया म्हणत आले. त्यांच्या मायेनं माझं आयुष्य अडवलं असं मनाशी म्हणायची सोय होती त्यात. मायेवर रागवता येत नाही, म्हणून मी कुणावरच रागावले नाही.

पण हे खरं नाही, आणि आत्याबाईंनी ते मला स्वतः सांगितलं होतं. त्यांच्या दिवसकार्याला आलेल्या बाया "सुनेला लेकीसारखं राखलं" असं म्हणत होत्या, तेव्हा मी मान हलवत होते आणि मला होळीच्या आधीचा तो दिवस आठवत होता.

कापूस विकला होता. गाड्या भरून गेल्या, आणि आतली खोली एका दुपारीत रिकामी झाली. भिंती एकदम लांब गेल्या. खिडकी उघडली. मला उजेड सोसेना. आत्याबाई केरसुणी घेऊन सारवणावरची सरकी गोळा करत होत्या, आणि वर न बघता म्हणाल्या, "मास्तरले निरोप धाडा व्हता. उद्या येतस. जाय तू."

कोपऱ्याचं वर्ष अर्धंही झालं नव्हतं. "गाव काय म्हणेल?" मी विचारलं.

"गावना गाव दखी." केरसुणी थांबली. "तवय जमना बोलनी, तवय माले माहीत व्हतं. मी चूप ऱ्हायती ते तुन्हा बाप तुले ली जाता. संकरातना आगोदर." त्यांनी मूठभर सरकी ओच्यात टाकली. "तुन्हासाठे नही बोलनू मी. मन्हासाठे बोलनू. तू गयी असती ते त्यान्हं नाव मी कोनाजोडे काढती?"

ह्यांचं नाव त्या महिन्यांत आमच्या घरात कुणी काढलं नव्हतं. आत्याबाईंनीही माझ्याजवळ काढलं नव्हतं. त्या फक्त दिवसातून कितीतरी वेळा दारापर्यंत यायच्या, दिवा नको म्हणायच्या, किडे झाडायच्या, आणि जायच्या. मला वाटे, पाळत ठेवतात.

"जाय," त्या पुन्हा म्हणाल्या. पण दाराच्या मधोमध उभ्या होत्या, आणि बाजूला होत नव्हत्या. होता येत नव्हतं त्यांना, चेहऱ्यावरून दिसत होतं. मी थोडी थांबले. मग त्यांचा हात धरला, त्यांना आत आणलं, भिंतीशी बसवलं, आणि त्यांच्याजवळ बसून ह्यांच्या नावानं हाक मारली. लग्नानंतर पहिल्यांदाच, मोठ्यानं, जसं एखाद्याला अंगणातून बोलवावं तसं. लेकाचं नाव सुनेच्या तोंडून ऐकून आत्याबाई दचकल्या नाहीत. मान हलवून म्हणाल्या, "आजून एक दाव."

मी आणखी एकदा हाक मारली, आणि उठून उंबऱ्याबाहेर आले.